चोराचा कंदील

दातांच्या दवाखान्यात आजी कवळीसाठी थांबल्या होत्या. शेजारी गाल धरून बसलेली ताई आणि तिचा भाऊ एका मालिकेबद्दल बोलत होते. त्यात मित्रमंडळी फासे टाकत खेळ खेळायची आणि जादूच्या दुनियेतली सोंगं वठवायची.

“ताई, तो चोर त्या रणरागिणीशी सदा भांडतो. प्रेम कुठं दिसलं तुला?”

“तो कुलूप उघडताना ती कंदील धरते ना?”

“मग?”

“अरे बावळटा, त्याला अंधारात दिसतं! पहिल्याच भागात कळलंय आपल्याला. तिला नाही सांगितलेलं.”

“का?”

“सांगितलं तर ती यायची थांबेल.”

“आयला! काय खेळलाय पठ्ठ्या!” भाऊ म्हणाला.

“अक्कलदाढ कोणाची? आत या,” डॉक्टरांच्या खोलीतून हाक आली.

“ताई, घाबरलीस?”

“छे! लहान आहे का मी?”

“मग मी बसतो इथंच.”

“आणि माझी पर्स कोण धरणार? चल मुकाट्यानं.”

आजींनी पाय आखडून दोघांना वाट दिली.