दहापैकी दहा

तुम्हाला सांगतो, मास्तरकीत मी एकदाच एका पोरीवर चोरीचा आळ घेतला. नव्वदीतली गोष्ट. बारामतीत नववीला विज्ञान शिकवायचो. रासायनिक समीकरणं संतुलित करायला नुकतीच शिकवली होती. दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे यायला हवेत, एवढंच. चाचणीत जळोचीच्या रेश्माची दहाच्या दहा बरोबर आली. बाकी कुणी चारच्या पुढं गेलं नव्हतं. शिवाय तिच्या पेपरात कच्चं काम कुठंच नाही. मला वाटलं, मांडीवर गाईड ठेवूनच लिहिलंय. तिच्या वडलांना बोलावून घेतलं.

ते वर्गाच्या दारातच म्हणाले, "चोरी केली असंल, तर उद्यापासनं शाळा बंद तिची."

मी घाईघाईनं फळ्यावर नवं समीकरण लिहिलं. रेश्मा खडू धरून नुसती बघत राहिली. मी मनात म्हटलं, सापडली!

"सर, हे जमायचं न्हाय."

"का गं?"

"उजवीकडं नायट्रोजन हाय, डावीकडं न्हाईच. मग आला कुठनं?"

मी फळ्याकडं पाहिलं. घाईत मी डावीकडं नायट्रिक आम्लाऐवजी भलतंच आम्ल लिहिलं होतं. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "चूक माझी आहे, रेश्मा. आणि संशय घेतला, तीसुद्धा."

वडील जाता जाता म्हणाले, "शिकवा हिला सर. पण जरा बघून लिवत चला."

पुढं वर्षभर मी समीकरण लिहिलं, की सगळी पोरं आधी रेश्माकडं बघायची. तिनं मान हलवली, तरच वहीत उतरवून घ्यायची.