वर तोंड केलेला बाण

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील पाहुणे, विमानतळावरचे माझे सहकारी आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, सर्वांना नमस्कार.

इथली प्रत्येक दिशादर्शक पाटी ताईंच्या हातची. त्यांच्या घरी न्हाणीघराच्या दारालाही बाण आहे म्हणतात. यजमान पुढच्या रांगेत हसतायत, म्हणजे खरं असावं!

पण मला आज एका आजोबांबद्दल बोलायचंय. ताई, रागावू नका.

आजोबा दूरदेशाहून आले होते, इथे विमान बदलायचं होतं. लेक दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. गेटकडे 'सरळ जा' सांगणारा आमचा बाण वर तोंड करून होता. आपल्याला त्यात काय खटकणार? आजोबा मात्र जिना शोधून वर गेले. वर नुसती बंद दुकानं. विमान निघून गेलं.

ताईंना ते तिथेच बाकावर सापडले. दुभाष्याला फोन लावला, तर आजोबा म्हणाले, "बाणानं वर जा म्हटलं, पोरी. मी आलो."

पुढचं विमान संध्याकाळचं. ताई त्यांच्याजवळ बसून राहिल्या. दुपारी जावयाचा फोन आला. बोलणं संपलं तरी आजोबांना फोन कानावरून काढायचं सुचेना. ताईंनी तो हलकेच काढून घेतला. भाषा कळत नव्हती, पण काही सांगावं लागलं नाही.

बाण बदलायचा म्हटल्यावर आमचे तेव्हाचे साहेब म्हणाले, "अहो, हजारोंना कळतो. एकाला नाही कळला."

"मग त्या एकानं काय करायचं, साहेब?"

असं विचारून ताई कामाला लागल्या. पुठ्ठ्यावर चित्रं काढून देशोदेशीच्या प्रवाशांसमोर धरायच्या. 'कुठे जाल, बोटानं दाखवा.' काहीजण त्यांना वेड्यात काढत. अखेर जिन्याला पायऱ्यांचं चित्र आलं, सरळ वाटेला चालत्या माणसाचं. आता तिथे कुणी चुकून वर चढत नाही.

काल मी म्हटलं, "ताई, आता तरी मन हलकं करा."

त्या म्हणाल्या, "त्या संध्याकाळी गेटपाशी माझा हात धरून आजोबा काहीतरी बोलले. दुभाष्यानं सांगितलं, ते विचारतायत, आता तिकडे कुणाकडे जाऊ? मला उत्तर देता आलं नाही रे. अजूनही येत नाही."

मंडळी, मी इथेच थांबतो. ताई, सुखात राहा. आपण सर्वांनी इतकं मनापासून ऐकलंत, ऋणी आहे. शब्द कमीजास्त झाला असेल, तर सांभाळून घ्या.