बारकी पुली

— न्हाय न्हाय, चावी मारू नका आता. दोनदा मारलासा ती बास झाली. आत काय तर तुटलेलं फिरायलंय, त्येला आनि फिरवून काय मिळनार हाय? काढा ती चावी, ठेवा हितं फळीवर. बसा. त्या स्टुलावर नको, त्येचा एक पाय गेलाय — ह्या खुर्चीवर बसा. तुमच्या आईंना आत बोलवू का? भाईरच बऱ्या हायेत म्हनता, बरं, ऱ्हाऊ द्या. डोळ्याला पट्टी, त्यात हितं पेट्रोलचा वास. सावली हाय तितं, वारं पन येतंय. आता परत एकदा सांगा पावणं, म्हंजे माझ्या डोक्यात नीट बसंल. आजऱ्यास्नं सकाळी निघालासा. आईंच्या डोळ्याचं आपरेशन झालेलं, आज कोल्हापुरात पट्टी सोडायची. गडहिंग्लज सोडलं, पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. तुमी गाडी उजवीकडं काढली, पाय दाबला — ही ओढली, झकास ओढली — आनि दोन्ही ट्रॉल्यांच्या बरोबर मधी आल्यावर फाटकन आवाज. मागनं निळा धूर, आनि पाय दाबला तरी गाडी पुढं जाईना. समोरनं एसटी. व्हय. मग ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला म्हनून तुमास्नी आत घुसता आलं. त्यो ट्रॅक्टरवाला कोन हुता, तोंड तरी बगितलासा का? न्हाय. तवा कोन कुनाचं तोंड बगतंय. आनि आई? आईंना काय कळलंच न्हाय म्हनता. पट्टी हुती म्हनून. मग टेंपोत घालून गाडी हितं उद्यमनगरात आनलासा.

बरं, झालं तपासून. ही बगा. तासभर झाला तुमी बगायलाय मी काय करतोय ते, आता सांगतो. ही चार प्लग वळीनं ठेवलेत, पैला, दुसरा, तिसरा, चौथा. तिसरा हातात घ्या, असा उजेडात धरा. बाकीच्यांचं तोंड तपकिरी हाय, च्यासारखं, तसंच पायजे. ह्येचं पांढरंफेक. आनि त्या पांढऱ्यावर बारीक चकचकीत कन दिसत्यात न्हवं? ती पिस्टनचं अल्युमिनियम हाय. पिस्टन वितळून प्लगाला चिकटलाय. मग गेज लावला — पैल्याला दीडशे, दुसऱ्याला दीडशे, चौथ्याला दीडशेला जरा कमी, आनि तिसऱ्याला चाळीस. म्हंजे तिसरा दाब धरत न्हाय. आता दाब जातोय कुटं? वर वॉल्व्हमधनं जातोय का खाली पिस्टनच्या बाजूनं? म्हनून प्लगाच्या भोकातनं कॉम्प्रेसरची हवा सोडली, ऑइलचं झाकन काढलं, तुमास्नी पन कान लावाय सांगितला — सूं सूं आवाज आला का न्हाय? सायलेन्सरला हात धरला तर तितं काय न्हाय. म्हंजे वॉल्व्ह चांगले, हवा खाली जायलीय. शेवटी ही कॅमेऱ्याची वायर आत घातली. बगा फोटो. पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यागत झालीय. रिंगा बसायची जागाच मोडलीय.

झालं, काय झालं ते कळलं. पन का झालं ते न्हाय कळलं अजून. आमच्यातले निम्मे मिस्त्री हितंच थांबत्यात बगा. पिस्टन बदलायचा, रिंगा घालायच्या, गाडी धुऊन द्यायची. ह्या इंजिनाचं तेच झालंय. मागं एकदा उघडलेलं हाय ही — नटांवर पान्याचे वळ हायेत, आनि कॅमेऱ्यात दिसतंय, तिसरा पिस्टन बाकीच्या तिघांपरास नवा हाय. म्हंजे मागं पन तिसराच गेलता. कुनी तर नवा घातला, का गेला ते इचारलं न्हाय. मी इचारनार. च्या घ्या. घ्या की, गार व्हायलाय.

ह्यो डबा बगा. ह्यो कंपनीनं दिलेला न्हाय, मागनं बसवलाय. तुमास्नी इकनाऱ्यानं सुपरचार्जर म्हनून सांगितलं आसंल, बरोबर हाय त्येचं, सुपरचार्जरच हाय. इंजिनच्या पट्ट्यावर फिरतोय आनि हवा दाबून आत कोंबतोय. जास्त हवा कोंबली की संगट जास्त पेट्रोल पायजे. हवा जास्त आनि पेट्रोल कमी पडलं, की आत भलत्या वक्ताला भडका हुतोय, पिस्टन भाजून निघतोय. मग पेट्रोल का कमी पडलं? पंप तपासला, दाब बरोबर. चारी इंजेक्टर काढून बाटल्यांत मोजले, सारखं पानी — पेट्रोल — सारखं. पेट्रोलचा हिशेब ठेवनारा कम्प्युटर येगळा बसवलाय, त्यो पन जागा हाय. आनि काम वंगाळ म्हनाल तर तसं बी न्हाय. हे डबा धरनारं ब्रॅकेट बगा. पत्रा वाकवून केलेलं न्हाय, ओतीव हाय, शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून घेतलेलं. चार भोकं, एक पन केसभर हललं न्हाय. लाकडाचा साचा तीनदा मोडला तिनं, तवा कुटं — ज्यानं कुनी केलं त्यानं. ज्यानं कुनी केलं त्यानं म्हनालो मी.

काय बगायलाय माझ्याकडं? हिकडं बगा, ही पुली. डब्याच्या तोंडावरची. ह्यो व्हर्निअर धरा, तुमीच लावा, तुमीच वाचा. बासष्ट. बासष्टच हाय, परत मोजू नका, मी चारदा मोजलीय. सत्तर पायजे. आठ एमएमनं बारकी हाय. आठ एमएम म्हंजे लई न्हाय वाटत, पन पुली बारकी झाली की डबा जोरात पळतोय, हवा जास्त कोंबतोय, आनि पेट्रोलचा हिशेब बसवलाय सत्तरच्या पुलीवर. सावकाश चालवलासा तर काय कळत न्हाय, वर्सं काढंल गाडी. पन जवा पाय पुरा दाबाल, वर चढ आसंल, जीव लावून गाडी पुढं काढायची आसंल — बरोबर तवाच दगा देनार. म्हंजे दुसऱ्या कवाच न्हाय, तवाच.

सत्तर पायजे ते मला कसं म्हाईत? मिस्त्री हाय मी, पस्तीस वर्सं झाली उद्यमनगरात. म्हाईत आस्तंय. न्हाय, डब्यावर लिवलेलं न्हाय. बरोबर इचारलासा. कुटंच लिवलेलं न्हाय.

जरा हात पुसतो. थांबा.

ही गाडी ह्याच शेडात तयार झालीया, पावणं. तुमी बसलाय न्हवं, त्या खुर्चीच्या जागी तिचं टेबल हुतं. सबिना, माझी लेक. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्साला हुती. गाडी सम्राट म्हनून एका पोराची, शर्यतीचा नाद त्येला. ह्यो डबा त्येनं कुटनं तर जुना आनलता, मी नको म्हनालो, ती म्हनाली, अब्बा, मी बसवतो. तवा ती मी बसवतो, मी करतो असंच म्हनायची, आपल्या हिकडच्या पोरी म्हनत्यात तसं. आता पुन्यात जाऊन मी करते, मी येते म्हनायला लागलीय. सा म्हयनं घातले तिनं ह्या गाडीवर. कॉलेज सुटलं की हितं. ब्रॅकेट तिचं, पेट्रोलचा हिशेब तिचा, सत्तरची पुली पन तिनंच ठरवलेली. मला समजून सांगितलतं, अब्बा, ह्याच्या वर गेलो तर पिस्टन टिकनार न्हाय. वहीत आकृती काढून दाखवलती. मला कळलंतं. कळलं न्हाय म्हनायची सोय न्हाय मला.

गाडी चांगली चालायली. म्हंजे लई चांगली. पन सम्राटला ती पुरं ना. शर्यत रविवारी हुती आनि गुरुवारी हितं दारात चार मिस्त्री उभे हुते, त्यांच्यासमोर त्यो हसत म्हनाला, मामा, पोरीच्या हातची गाडी हाय, मवाळच की. बाकीचे पन हसले. मी पन हसलो. हसायला नको हुतं मला, पन हसलो. रात्रभर ते डोक्यात फिरलं, आनि शुक्रवारी ती कॉलेजला गेल्यावर मी लेथ चालू केला. लोखंडाचा एक गट्टू घेतला आनि बासष्टची पुली कातून काढली. ही जी तुमच्या हातात हाय ती. कातकाम बगा की, एक वळ न्हाय. चालवून बगितली, काय ओढायली म्हनता — मला वाटलं पोरगी भ्यायलीय उगंच, पुस्तकातलं बोलतीय. तिला सांगितलं न्हाय. शर्यत जिंकल्यावर सांगायचं, आसं ठरवलतं. खरंच ठरवलतं.

दुसऱ्या फेरीला गेलं इंजिन. असाच निळा धूर. ती लॅपटॉप घेऊन पळत आली. गर्दी जमलेली, सम्राट माझ्या अंगावर वरडायलेला, आनि मी काय म्हनालो? मी म्हनालो, पोरगी शिकायलीय अजून, चुकलं आसंल तिचं. तीस मान्सं हुती तितं, सगळ्यांसमोर. तिनं लॅपटॉप मिटला. सम्राटनं गाडी तितनंच टेंपोत घालून दुसऱ्या गॅरेजात नेली, परत आमच्या दारात आनली न्हाय. म्हंजे तिला गाडी बगायलाच मिळाली न्हाय. लॅपटॉपवर आकडे तेवढे ऱ्हायलेले. ते घेऊन ती बसायची. आकड्यात हवेचा दाब जास्त दिसायला, तिच्या हिशेबात बसंना. एक म्हयना खपली ती त्या आकड्यांवर, जेवताना पन वही संगट. आनि एक दिवस मला म्हनाली, ह्याच शेडात, मी वाकून एक गियरबॉक्स खोलत हुतो — म्हनाली, "अब्बा, पुली तीच हुती न्हवं, मी लावलेली?"

मी म्हनालो, तीच हुती.

मान वर करून पन बगितलं न्हाय मी.

बसा. का उठलासा? बसा म्हनत न्हाय मी, उभेच ऱ्हावा, बोला काय बोलायचं आसंल ते. बोलायला पायजेच. मगाशी तुमी ती एसटीचं सांगायलासा तवाच माझी नजर डब्याकडं गेली, पुली मोजायच्या आदीच. दुरून पट्टा बगूनच कळलतं मला, पुली अजून तीच हाय. तरीबी प्लग काढत बसलो, गेज लावत बसलो, म्हटलं काय तर दुसरं निघंल, पंप निघंल, इंजेक्टर निघंल. न्हाय निघालं. चार वर्सं मी समजायलो की एक इंजिन गेलं, इंजिनं जात्यात, लोखंड हाय. त्यो बारका गोल तुकडा रस्त्यावर फिरायलाय, कुनाकुनाच्या हातात जायलाय, कुनाची आई त्यात बसलीय, ही कवा मनातच आलं न्हाय माझ्या. आईंना मी जाऊन सांगू? सांगतो. त्येंच्यासमोर पन सांगतो. नको म्हनता. बरं. तुमच्या मनावर. दवाखान्यात न्यायला माझी गाडी घेऊन जावा, दारात लावलीय ती पांढरी, साधी हाय, दगा द्यायची न्हाय. हे इंजिन मी उघडून नीट करून देनार, पुली सत्तरची घालनार, तवर ह्येला कुनाला हात लावू देनार न्हाय.

सबिना? ती काय करतीय इचारू नका. एका मोठ्या इंजिनच्या कंपनीत निवड झालती तिची, इंजिन तपासायच्या खात्यात. गेली न्हाय. म्हनाली, अब्बा, मला एवढं पन कळलं न्हाय, उद्या कुनाचा जीव जाईल माझ्या हातनं. आता पुन्यात इन्शुरन्सच्या हापिसात बसती. आपटलेल्या गाड्यांचे फोटो बगायचे आनि फारम भरायचे. ईदला येती, आईशी बोलती, माझ्याशी पन बोलती, तब्येत कशी हाय, औषध घेतलं का. शेडाकडं येत न्हाय. तिच्या आईला पन म्हाईत न्हाय ह्यातलं काय. कुनालाच न्हाय, तुमास्नी आज सांगितलं. तुमचं नाव पन इचारलं न्हाय मी अजून.

काय म्हनालासा? तिला फोन लावू? न्हाय, आता कामावर आसंल ती. आनि कम्प्युटरचं म्हनाल तर मी बगून घेतो की, त्येला काय — न्हाय, बरोबर हाय, कम्प्युटर उघडायला तिचा पासवर्ड लागनार. सत्तरची पुली घातली तरी पेट्रोलचा हिशेब चार वर्सांनी जुळतोय का न्हाय, ते तिच्याबिगर कोन सांगनार. खरं हाय तुमचं. आनि पासवर्डासाठी फोन केला आसं सांगता येईल. तेवढंच सांगायचं, आनि बाकी मागनं कवा तर — काय? तुमी असं बगू नका पावणं. लावतो. लावतो म्हनालो की.

वाजतंय.

उचलत न्हाय. मीटिंग-बिटिंग आसंल — हां. सबिना. मी, मी बोलतोय. न्हाय, तब्येत बरी हाय. आई पन बरी हाय. शेडातनं बोलतोय. एक काम हुतं. त्यो पासवर्ड — व्हय, त्याच गाडीचा. आलीय हितं. माझ्यासमोर हाय. तिसरा पिस्टन. व्हय, तिसराच. न्हाय, थांब, तुझं काय चुकलं न्हवतं. ऐक. न्हाय, तू ऐक आदी. पुली मी बदललती. शुक्रवारी, तू कॉलेजला गेल्यावर. मीच कातली. तुला तीच हाय म्हनून सांगितलं, ते खोटं हुतं.

सबिना?

हाय न्हवं तू लाइनवर?

पावणं, तुमी जरा भाईर जावा. जाताना तेवढं शटर खाली वढा.