‘अस्थी’ला सुतक

आमचा ‘अस्थी’ बँड कसा फुटला माहितीये? ड्रमर इरफान स्टेजवर हसला. काळे कपडे, डोळ्यांत काजळ आणि गाणी फक्त मरणाची, असा आमचा थाट. त्यात हसणं आमच्या गायकाला, प्रसादला, चालत नव्हतं.

सहा वर्षांनी दोघांना कसंबसं एकत्र आणलं ते मी. नववीत शाळा सोडली तेव्हापासून चार माणसांत मला बोलता येत नाही, बेस गिटार मात्र वाजवता येते. म्हणून दिंडोरीच्या वाइनरीतला रविवारचा कार्यक्रम मला हवाच होता.

शुक्रवारी तालमीला प्रसाद पांढरा शर्ट घालून आला. काजळही नव्हतं.

“रविवारचं जमणार नाही. चुलत काका वारले. सुतक आहे.”

इरफान म्हणाला, “भावा, आपल्या प्रत्येक गाण्यात कोणीतरी मेलेलंच असतं की.”

“ते वेगळं. आई म्हणते, घरातलं माणूस गेल्यावर गाणं-बिणं नाही.”

“मग मरणाची गाणी कधी चालतील?”

“तेराव्याचं गोड जेवण झालं की.”

इरफान गंभीर चेहऱ्याने जमिनीकडे बघत राहिला. सहा वर्षांत तेवढं तो शिकला होता.

हसलो मी.

बँड पुन्हा फुटला.