लाव्हाचा नमुना आणि आमची विहीर

आमच्या विहिरीला पाणी लागलं ते टायटॅनियममुळे. हसू नका, चहा सांडेल.

बीबी गावातल्या आमच्या वावरातली विहीर पन्नास फुटांवर काळ्या पाषाणात अडली होती. बायकोनं बजावलं होतं, "यंदा पाणी नाही लागलं, तं वावर इकून टाकू."

अशात लाव्हाच्या दगडांचा अभ्यास करणारी पुण्याची एक मॅडम आली. शिडीनं विहिरीत उतरली आणि हरखूनच वर आली. "काका, आपला भूखंड सरकताना खालून तापून फाटला, तेव्हा लाव्हा थरावर थर पसरला. हा त्यातला एक थर. खालचा मिळाला, तर त्यातल्या टायटॅनियमवरून तो कोणत्या भेगेतून आला ते कळेल!"

"खालचा कसा असते?"

"वरच्या बाजूनं जाळीदार. लाव्हातल्या बुडबुड्यांची भोकं."

भोकं म्हणजे पाणी! मी चेहरा पाडला. "मॅडम, हा लाव्हा कुठून आला, या काळजीनं मले जेवण जात नाही. घ्या न नमुना. पन्नास फूट तं म्या तुमच्यासाठीच खोदून ठेवले!"

मॅडमचे डोळे भरून आले. चौथ्या दिवशी त्यांचं ड्रिल विहिरीच्या तळाशी घरघरू लागलं. आधी लाल माती आली, मग जाळीदार दगड आणि मागोमाग असं पाणी उसळलं, की मशीन दोरानं ओढून काढावं लागलं.

नमुना छातीशी धरून मॅडम म्हणाली, "काका, काम झालं की भोक बुजवायचा आमचा नियम आहे."

काठावरून बायको ओरडली, "बुजवा न मॅडम! पण आधी पाणी उपसून दाखवा!"