दांडा की बटण

स्पेअर पार्टच्या दुकानात पट्टा घ्यायला आलेला माळी रांगेत चुळबुळत होता. पुढचं वयस्कर जोडपं काही काउंटर सोडत नव्हतं.

“बागेतला छोटा ट्रॅक्टर आहे, जवळजवळ माझ्याच वयाचा. गवत कापायची पाती उचलायला दांडा द्या.”

“आता कोण दांडा ओढतं, काका? बटणावरची लिफ्ट बसवा.”

“दांडाच बरा.”

“अहो, खांद्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टरांना ट्रॅक्टरमधलं काय कळतंय?”

“मग मी चालवते. पण दांडा मलाही झेपायचा नाही.”

काका बराच वेळ काउंटरवरचा दांडा चाचपत राहिले. माळी मागून खाकरला.

“बटणाची द्या,” काका म्हणाले.

“बटण उजवीकडे बसवू ना?”

“नको, डावीकडे. ही डावखुरी आहे.”