हार घातलेला कॉम्प्युटर

तहसील कचेरीच्या खिडकीतल्या त्या क्लार्कला माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवयच नव्हती. त्या दिवशी तर कॉम्प्युटरला हार घालून, वर कुंकू लावून तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसला होता. रांगेत माझ्यापुढं कसबा बावड्याचे बाबासो आणि त्यांची लेक दीक्षा होती.

“साहेब, पोरीचा जातीचा दाखला पायजे.”

“आज पूजा हाय. मोठ्या साहेबांनी नारळ फोडल्याबिगर मशीन चालू करायचं न्हाय.”

“पूजा कशाची?”

“आपल्या वेबसाइटला मुंबईत बक्षीस मिळालंय की! घरबसल्या दाखला मिळतोय म्हणून.”

“बाबा, सांगा की त्यास्नी. नेटकॅफेत दोनदा गेलते मी. तिथं लिवून येतंय, कार्यालयात समक्ष भेटा.”

“मग भेटलासा न्हवं? वेबसाइट बरोबरच सांगती.”

“अवो, पाचच्या आत कॉलेजात दाखला न्हाय दिला तर हिची जागा दुसऱ्याला जाती. मोठं साहेब कवा येणार?”

“जेवून येतील. तवर पेढा घ्या, पावणं.”

बाबासोंनी पेढा घेतला, पण तो तळहातावर तसाच राहिला. दीक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. क्लार्कनं बॉक्स माझ्यापुढं धरला.

“ठेव तो खाली,” मी म्हटलं. “बक्षीस देणारं कोण ह्या रांगेत उभं न्हवतं, आमी हाय. हार काढ आणि मशीन चालू कर. ह्या पोरीच्या हातात दाखला पडू दे, मग तोच हार मी माझ्या हातानं परत घालती.”